ट्रॅक्टरचा कॅमशाफ्ट आणि त्याचे बुश: काय वाचतं, काय बदलावंच लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नरखेडकडच्या एका संत्रा बागायतदार भाऊंकडे तीन सिलिंडरचा, ४५ एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर आहे. वर्षभरापासून इंजिनात टिकटिक आहे. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) दोनदा सेट करून झालं, आवाज परत आला. उन्हाळ्यात इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. मिस्त्रीने उघडून पाहिलं तर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता शाफ्ट) एका लोबचं (त्यावरचा उंचवटा) टोक बसलेलं, म्हणजे झिजलेलं, आणि पुढचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची कडी) ढिला. आता नागपुरातला एक टर्नर म्हणतो, वेल्डिंग भरून ग्राइंड करून देतो. मिस्त्री म्हणतो, कॅम नवा टाका, टॅपेट (लोबवर टेकून, पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आहेत तेच चालून जातील. शेजारी म्हणतो, एकदाचं पूर्ण इंजिनच बांधून घ्या. कोणाचं ऐकावं, आणि पेरणीआधी ट्रॅक्टर उभा होईल का?

भाऊ, तिघांचंही पूर्ण ऐकू नका. लोबचं टोक खरंच बसलं असेल तर कॅम नवा टाकावा लागेल. कॅम नवा तर सहाही टॅपेट नवे, यात तडजोड नाही. बुश मोजल्याशिवाय त्यांचा निकाल लावू नका. ऑइल प्रेशरचं खापर कॅमच्या बुशवर फोडण्याआधी बाकीचे संशयित तपासा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कॅम आपणहून क्वचितच झिजतो, त्याला दुसरं कोणीतरी झिजवतं. ते कारण इंजिनात तसंच राहिलं तर नवा कॅमही जुन्याच्याच वाटेने जाईल. त्यामुळे खाली मी दुरुस्तीइतकंच कारण शोधण्याबद्दल लिहितो आहे.

आधी टॅपेटचं समजून घ्या, कारण टॅपेट परत वापरण्याचा सल्ला इथेच फसतो. टॅपेटचा तळ नुसत्या डोळ्याला सपाट दिसतो, पण बहुतेक इंजिनांत तो अगदी किंचित फुगीर असतो आणि त्याच्याखालचा लोब किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला उचलताना जरासा फिरवतोही. टॅपेट असा फिरत राहिला की झीज सगळ्या तळावर वाटली जाते. तळाचा फुगीरपणा गेला, तो सपाट झाला किंवा मध्ये खोलगट झाला, की टॅपेट फिरणं थांबवतो. मग लोब रोज त्याच एका रेषेवर घासतो आणि कडक थर फोडून आत शिरतो. एकदा कडक थर गेला की पुढची झीज फार वेगाने होते. वर्षानुवर्षं ठीक चाललेला कॅम एका हंगामात संपतो तो असा. अशा जुन्या खोलगट टॅपेटवर नवा कॅम बसवणं म्हणजे नव्या कॅमला पहिल्या दिवसापासून त्याच रेषेवर घासायला बसवणं.

घरी करून पाहण्यासारखी एक तपासणी आहे. टॅपेट बाहेर आले की दोन टॅपेटचे तळ एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरा. तळ चांगले असतील तर मध्ये टेकतात, कडेला बारीक फट दिसते आणि एकावर दुसरा डुलतो. कडेला टेकून मध्ये उजेड दिसला तर दोन्हीपैकी एक तरी खोलगट झालाय. तळावर गोल गोल रेघा असतील तर तो फिरत होता. एकाच दिशेची पट्टी घासलेली असेल तर अडकलेला होता. जुना कॅम जुन्याच टॅपेटसह परत बसवायचा असेल, म्हणजे लोब मापात निघाले असतील, तर मात्र प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी गेला पाहिजे. काढतानाच पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून नंबर टाका. डब्यात एकत्र टाकले की जोड्या मोडल्या.

आता तुमच्या टिकटिकीबद्दल. क्लिअरन्स दोनदा सेट करूनही आवाज का आला, हे मिस्त्रीने सांगितलेलं दिसत नाही. क्लिअरन्स आपण मोजतो तेव्हा टॅपेट लोबच्या मागच्या गोल भागावर, म्हणजे टाचेवर असतो. लोबचं टोक कितीही बसलं तरी टाच शाबूत असेल तर फिलर गेजला काही कळत नाही. गेज बरोबर जातं, मिस्त्री खूश होतो, आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडत नाही. उलट क्लिअरन्स पुन्हा पुन्हा वाढत असेल, आज सेट केलं आणि महिन्याने परत मोकळं, तर टॅपेटचा तळ, रॉकरची टोच, व्हॉल्व्हचं टोक किंवा पुशरॉडची वाटी झिजून राहिली आहे. तुमच्याकडे दोन्ही आहे असं दिसतं: टॅपेट खोलगट झाला म्हणून क्लिअरन्स वाढलं, आणि त्याच टॅपेटने लोबचं टोक खाल्लं.

इंजिन अजून उघडं नसतं तर मी आधी हे करायला सांगितलं असतं, आणि ज्यांचं उघडायचं आहे त्यांनी जरूर करावं. हेड कव्हर काढा, रॉकर शाफ्ट उतरवा, पुशरॉड जागेवर राहू द्या. पुशरॉडच्या वरच्या वाटीत बेअरिंगचा एक छर्रा ठेवून त्यावर डायल गेज टेकवा. इंजिन बंद करण्याची खेच ओढून ठेवा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. काटा खालून वर किती चढला ती त्या लोबची उचल. असल्या बहुतेक इंजिनांत ती ६ ते ८ मिमीच्या दरम्यान असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. मॅन्युअल नसेल तर इनटेकची इनटेकशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. इनटेक आणि एक्झॉस्टची उचल मुळातच वेगळी असू शकते, त्यांची आपसात तुलना करू नका. सारख्या लोबमध्ये ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की मी कॅम बाहेर काढून पाहतो. अर्धा मिमी फरक असेल तर पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. या अर्ध्या दिवसाच्या कामात निम्मे वाद मिटतात.

लक्षणंही ओळखायला शिका. एक्झॉस्टचा लोब बसला की जळालेला गॅस पूर्ण बाहेर जात नाही आणि इनटेक उघडताच उलटा एअर क्लीनरकडे फुसकारतो. एअर क्लीनरच्या पाइपवर हात ठेवला की तो धक्का कळतो. इनटेकचा लोब बसला तर हवा कमी भरते, लोडवर काळा धूर येतो, आणि कम्प्रेशनही कमी दाखवतं. इथे हमखास गल्लत होते. कम्प्रेशन कमी म्हणून पिस्टन-रिंग बदलतात, लायनर बदलतात, आणि इंजिन तसंच बोंबलत राहतं.

ऑइल प्रेशरकडे येऊ. कॅमच्या बुशमधून प्रेशर जातं हे खरं, पण ते यादीत शेवटचं नाव असतं. आधी काटा खोटं बोलतो का ते पाहा: सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा भाग) काढून तिथे हातातला मेकॅनिकल गेज लावा. मग ऑइल किती आहे आणि कसलं आहे. गेजकाडीवरच्या ऑइलला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढत असेल, तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा इंजेक्शन पंपाचं सील फुटून डिझेल इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. तेच डिझेल मिसळलेलं पातळ ऑइल तुमच्या लोबवर थर धरू शकत नाही. म्हणजे कमी प्रेशर आणि झिजलेला कॅम, दोन्हीचं मूळ एकच निघू शकतं. त्यानंतर फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि तिच्या सीटमध्ये अडकलेला कचरा, ऑइल पंपाच्या गिअरची झीज, सक्शनची जाळी. मग मेन आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. या सगळ्यांतून सुटलात तर कॅमचे बुश. गरम इंजिनात आयडलला १० ते १५ पौंड (पीएसआय) आणि पूर्ण आरपीएमला ३५ ते ६० पौंड असा साधारण अंदाज धरतात. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

बुशचं मात्र एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. फटीतून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ०.०५ मिमीची फट ०.१० झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग) भाषेत, दोनची चार थाऊ झाली की आठपट. म्हणून बुशमध्ये थोडीशीच झीज आहे, चालून जाईल, असं म्हणणाऱ्याला फट किती वाढली ते आकड्यात विचारा.

कॅम काढताना घाई नको. पुढचं सपोर्ट, रेडिएटर, टाइमिंग कव्हर उतरलं की आधी गिअरच्या खुणा जुळवून त्यांचा फोटो काढून ठेवा. एंड प्ले, म्हणजे शाफ्टची मागेपुढे हालचाल, कॅम आत असतानाच मोजा: डायल शाफ्टच्या तोंडाला लावून शाफ्ट मागेपुढे ढकला. बहुतेक इंजिनांत हा ०.०५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो. जास्त असेल तर थ्रस्ट प्लेट झिजली, ती स्वस्त वस्तू आहे, बदला. गिअरचा बॅकलॅशही (दात्यांमधली मोकळीक) त्याच वेळी पाहून घ्या. तुमच्या इंजिनात टॅपेट छत्रीसारखे, खाली रुंद असतील तर ते वरून निघत नाहीत. कॅम ओढताना ते वर उचलून धरावे लागतात, नाहीतर लोबमध्ये अडकतात. इंजिन स्टँडवर असेल तर ते सरळ उलटं करा, टॅपेट आपोआप दूर राहतात. कॅमच्या तोंडाला एक लांब बोल्ट लावून त्याची मूठ करा आणि फिरवत फिरवत, दोन्ही हातांवर तोलून बाहेर काढा. लोबची धार बुशला लागली तर त्याच्या आतल्या मऊ पांढऱ्या धातूवर ओरखडा ठरलेला. काढलेला कॅम भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. टांगा किंवा व्ही ब्लॉकवर आडवा ठेवा.

माप घेण्याबद्दल नागपूरकरांसाठी खास सूचना. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांत पडलेला कॅम आणि कूलरसमोरच्या कपाटातून काढलेला मायक्रोमीटर यांची भेट घालून मिळालेलं माप कागदावर लिहू नका. ५० मिमी व्यासाचं लोखंडी जर्नल (शाफ्टचा बुशमध्ये फिरणारा गोल भाग) २० अंशांनी जास्त तापलेलं असेल तर सव्वा शतांशापर्यंत, म्हणजे ०.०१ मिमीहून थोडं जास्त, मोठं भरतं. जिथे सगळा हिशोब शतांशात आहे तिथे हा फरक छोटा नाही. कॅम, ब्लॉक, मायक्रोमीटर, बोअर गेज रात्रभर एका खोलीत ठेवा आणि सकाळी उन्हं चढण्याआधी मोजा. आमच्याकडे उन्हाळ्यात मापाचं काम सकाळी नऊच्या आत उरकतं, त्यानंतर फक्त पाने आणि घण चालतात.

लोब मोजताना टोक ते टाच असं एक माप आणि त्याला काटकोनात टाचेच्या वर्तुळाचा व्यास असं दुसरं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उचल. प्रत्येक लोबचं माप दोन्ही कडांना वेगळं घ्या, कारण झीज बहुतेकदा एका बाजूला जास्त असते. डोळ्यांवर फार विसंबू नका. झिजलेला लोब कधी कधी सगळ्यांत जास्त चमकतो. नख फिरवून कडेला कंगोरा लागतो का पाहा, टोकावर बारीक खड्डे, पापुद्रे सुटल्याच्या जागा, निळसर डाग शोधा. खड्डे पडलेला लोब एमरी पेपरने घासून गुळगुळीत दिसेल, पण तिथला कडक थर फुटलेला आहे, तो परत येत नाही. कॅमवर फीड पंपाची आर्म चालवणारा एक्सेंट्रिक आणि काही इंजिनांत ऑइल पंपाचा गिअरही असतो. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पाहा. गिअर पक्का धरणाऱ्या चावीची खाचही पाहा.

जर्नल दोन जागी आणि दोन दिशांना मोजा. ०.०३ ते ०.०५ मिमीपेक्षा जास्त लंबगोल किंवा निमुळतं निघालं तर नव्या बुशमध्येही ते नीट बसणार नाही. रेघा बारीक असतील तर बारीक पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून पट्टीने घासता येतं. रेघा नखाला अडकल्या तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बुश. मग शाफ्ट दोन टोकांच्या जर्नलवर व्ही ब्लॉकमध्ये ठेवा, मधल्या जर्नलवर डायल लावा आणि फिरवा. काट्याची एकूण हालचाल ०.०५ मिमीच्या पुढे गेली तर शाफ्ट वाकलाय. पोलादी शाफ्ट प्रेसवर सरळ करणारे अनुभवी लोक आहेत. बिडाचा कॅम सरळ करायला घेतला तर तुटतो, आणि लगेच नाही तुटला तर भेग घेऊन इंजिनात जातो. भेगेची शंका असेल तर लाल रंग, क्लीनर आणि पांढरा डेव्हलपर अशा तीन स्प्रे डब्यांची डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. खर्च फार नाही.

आता टर्नरच्या वेल्डिंगचं. लोब एकतर चिल्ड बिडाचा असतो किंवा पोलादावर इंडक्शनने किंवा केस हार्डनिंगने कडक केलेला. बिडाच्या लोबवर वेल्डिंग भरलं की बाजूच्या धातूत भेगा जाण्याची शक्यता मोठी. पोलादावर भरता येतं, पण त्यासाठी प्रीहीट, योग्य रॉड, सावकाश थंड करणं आणि नंतर कॅम ग्राइंडरवर मास्टर (लोबच्या आकाराचा नमुना) लावून मूळ आकार आणणं, हे सगळं लागतं. लोबच्या बाजूला एक हळुवार चढ असतो. तो क्लिअरन्स आधी अलगद संपवतो आणि मग व्हॉल्व्ह उचलतो. हाताने ग्राइंडर मारून हा चढ कधीच येत नाही, आणि तो नसेल तर टॅपेट प्रत्येक फेरीला हातोडीसारखा आदळतो. ग्राइंडिंगवाल्याकडे कॅम ग्राइंडर आणि तुमच्या इंजिनाचा मास्टर असेल, आणि झीज किरकोळ असेल, तर भर न टाकता सगळे लोब सारखे खाली घेऊन मूळ उचल परत मिळवता येते. टाचेचं वर्तुळ लहान होतं, टॅपेट थोडा खाली बसतो, आणि रॉकरच्या स्क्रूने ते भरून निघतं. पण कडक थर जितका जाड तितकंच घासता येतं. तुमच्यासारख्या चालू मॉडेलला नवा कॅम मिळत असताना भरलेल्या लोबवर मी पैसे लावणार नाही. ज्याचे भाग बाजारात येणं बंद झालंय, अशा जुन्या इंजिनासाठीच तो मार्ग ठेवा.

नवा कॅम घेताना जुना सोबत घेऊन जा आणि दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून पाहा: लोबचा क्रम, जर्नलचे व्यास, एक्सेंट्रिक, चावीची जागा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत कॅम दिसायला सारखे आणि चालायला वेगळे असतात. नव्या कॅमवर काळपट थर असेल तर तो फॉस्फेटचा असतो, ऑइल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम दिलेला. घासून चकचकीत करू नका.

बुशबद्दल पहिली गोष्ट म्हणजे ते आहेत तरी किती ते पाहा. काही इंजिनांत फक्त पुढच्या जर्नलला बुश असतो आणि बाकीची जर्नलं थेट ब्लॉकच्या बिडात फिरतात. काहींत सगळीकडे बुश असतात, आणि पुढून मागे त्यांचे व्यास उतरत जातात. बुश झिजतो तो जास्त करून खालच्या बाजूला, कारण पुशरॉड आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला खाली दाबतात. पुढच्या बुशवर गिअरचाही जोर येतो. म्हणून बोअर गेजने उभं आणि आडवं अशी दोन्ही मापं घ्या. मेन बेअरिंगची फट मोजायला लावतात ती मेणाची दोरी इथे चालत नाही, कारण हा बुश अखंड आहे, कॅप काढून पाहता येत नाही. बोअर वजा जर्नल ही फट. नवीन असताना ती साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते आणि ०.१५ च्या पुढे गेली की मी बुश बदलतो. बुशवर नुसत्या बारीक रेघा असतील तर ती ऑइलमधल्या धुळीची सही आहे. धातूचे तुकडे सुटले असतील तर तो थकलाय. करडे, बारीक खड्डे असतील तर ऑइल फार दिवस बदललं नव्हतं. आणि बुश आपल्या जागी फिरला असेल तर त्याचं ऑइलचं भोक बंद झालेलं असतं. बऱ्याच इंजिनांत रॉकर शाफ्टला ऑइल याच वाटेने मोजून मापून जातं. म्हणजे वर रॉकर कोरडे किंचाळतात आणि दोष असतो खाली बुशमध्ये.

नवे बुश काढ-घाल करायला ब्लॉक रिकामा असलेला बरा. पुढचा एक बुश क्रँक जागेवर असताना बदलता येतो, मागच्यांसाठी ट्रॅक्टर क्लच हाउसिंगपासून वेगळा करावा लागतो. बुश पायऱ्या असलेल्या ड्रिफ्टने किंवा लांब थ्रेडचा रॉड, नट आणि जाड वॉशर यांची खेचणी करून ओढा. नुसत्या पाइपने ठोकला तर कडा दुमडते. बसवण्याआधी ब्लॉकच्या बोअरची कडा आणि जुने बर्र साफ करा. बुश रात्रभर डीप फ्रीजमध्ये ठेवला तर काम सोपं होतं. भोक ब्लॉकच्या भोकासमोर येतंय हे बसवण्याआधी दोन्ही बाजूंना मार्करने रेघ मारून पक्कं करा, आणि बसवल्यावर भोकात तार घालून बघा, टॉर्चही मारा. हे न करणाऱ्यांच्या इंजिनांवरच आमचं दुकान चालतं.

बुश हातात असताना त्याचं आतलं माप घेऊ नका, ते कामाचं नाही. तो दाबून बसला की आतून आवळतो, म्हणून माप बसवल्यावर. तयार मापाचे बुश असतील तर पुढे काही करावं लागत नाही. कच्च्या मापाचे असतील तर सगळे एकाच वेळी, एका रेषेत लाइन बोअरिंग करून घ्या. एकेक बुश वेगळा रीमरने काढला तर प्रत्येक भोक आपल्या दिशेने जातं आणि कॅम तीन ठिकाणी तीन बाजूंना अडतो. हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरच बनतात, बोअरिंग-ग्राइंडिंगची दुकानं शहरात पुष्कळ आहेत. विचारताना एवढंच विचारा की कॅम बोअरसाठी लाइन बोअरिंग बार आहे का. मेन बेअरिंगचा बार म्हणजे हा बार नव्हे.

तयार बुश मिळाला नाही तर गनमेटलचा बुश टर्नरकडून करून घेता येतो, आणि हे काम आपल्याकडचे चांगले टर्नर उत्तम करतात. बाहेरून ०.०५ मिमीच्या आसपास पकड, आतून पांढऱ्या धातूपेक्षा थोडी जास्त फट, ऑइलचं भोक आणि मूळ बुशमध्ये खाच असेल तर तशीच खाच. जर्नल कडक आणि गुळगुळीत असेल तरच.

नंतर कॅम ऑइल लावून आत घाला. हाताने सहज फिरला पाहिजे. अडला तर निळी शाई लावून कुठे घासतो ते शोधा आणि तेवढाच उंचवटा स्क्रेपरने काढा. एमरी पेपर बुशला लावू नका, त्याची कणी मऊ धातूत रुतून बसते आणि जर्नल कापत राहते. मागचं गोल झाकण नवं टाका, सीलंट लावून, पण फार आत ठोकू नका, नाहीतर शाफ्टला टेकतं. ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रश आणि हवेने साफ करा. जुन्या लोबचं चूर्ण तिथेच बसलेलं असतं. फक्त कॅम बदलून गॅलरी तशीच ठेवली तर ते चूर्ण सरळ मेन बेअरिंगकडे जातं.

शेजाऱ्याचा पूर्ण इंजिन बांधण्याचा सल्ला इथेच तपासून घ्या. चेंबर खाली असताना एक मेन आणि एक रॉडची कॅप उघडा. बेअरिंग साफ असेल आणि फट मापात असेल तर क्रँकला हात लावू नका. चूर्ण रुतलेलं असेल तर मग बेअरिंग सेट बदलावा लागेल. पिस्टन-लायनरचा कॅमशी काही संबंध नाही.

पहिल्या स्टार्टमध्ये नव्या कॅमचं आयुष्य ठरतं. लोब आणि टॅपेटच्या तळांवर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा, जर्नलवर ऑइल. इंजिन बंदची खेच ओढून स्टार्टर थोडा थोडा मारा, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. क्लिअरन्स आणि टाइमिंग आधीच बरोबर ठेवा, म्हणजे पहिल्याच मारात इंजिन लागेल. लागल्यावर आयडलवर सोडून गप्पा मारू नका. आरपीएम १२०० ते १५०० वर नेऊन वीसेक मिनिटं चालवा. कारण असं की लोबवर ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडण्यातून पडतं, ते आयडलला कमी पडतं. शिवाय जास्त आरपीएमला टोकावरून जाताना व्हॉल्व्हचं स्वतःचं वजन स्प्रिंगचा थोडा जोर झेलतं, आयडलला स्प्रिंगचा सगळा जोर टोकावर येतो. फिरण्याचा वेग कमी, म्हणून ऑइलचा थरही पातळ. बांधावर ट्रॅक्टर तासभर आयडलवर ठेवून मजूर येण्याची वाट पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. डिझेलचं नुकसान सगळ्यांना दिसतं, लोबचं कोणाला दिसत नाही.

ऑइल १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं, मॅन्युअल सांगेल ते. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० तासांनी बदला, आणि जुना फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून पाहा. थोडी करडी पूड नवी जोडी बसताना येते. लोहचुंबकाला चिकटणारे चकचकीत कण दिसले तर लगेच क्लिअरन्स आणि उचल परत मोजा. त्याच वेळी हेडचे बोल्ट आणि क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे तपासा. त्यानंतर २५० तासांचा किंवा मॅन्युअलमधला काळ पाळा, आणि अवरमीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा. एअर क्लीनरच्या रबरी नळीची चीरही पाहा. काळ्या मातीची धूळ तिथूनच आत शिरते आणि बुशवर रेघा मारते.

पेरणीआधी होईल का? कॅम आणि टॅपेट बाजारात असतील आणि बुश तयार मापाचे असतील तर सुटा ब्लॉक असताना दोन-तीन दिवसांचं काम. लाइन बोअरिंग लागलं तर बोअरिंगवाल्याच्या रांगेवर अवलंबून, आणि मेच्या शेवटी ती रांग लांब असते. म्हणून आजच कॅम आणि टॅपेटचं माप घेऊन कागदावर लिहा, बुशची मापं घ्या, ऑइल हुंगून पाहा. डिझेलचा वास आला तर फीड पंपही कॅमसोबतच नागपूरला पाठवा, म्हणजे दुसरी चक्कर पडणार नाही.